मास्टर पॉइंट वाढले आणि ग्रेड घसरली: ब्रिजमधली खरी पातळी कुठे पाहायची?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून इतरांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. निवृत्तीनंतर तुम्ही मुलीकडे इंग्लंडला आलात आणि तिथे ब्रिज शिकलात. आठवड्यातून दोनदा खेळता, एकदा दुपारच्या छोट्या, गप्पिष्ट क्लबात आणि एकदा संध्याकाळच्या जुन्या, तगड्या क्लबात. दुपारी ५७ टक्के (५० म्हणजे सरासरी) सहज पडतात, संध्याकाळी ४५ च्या वर काटा सरकत नाही. मास्टर पॉइंटचं नवं प्रमाणपत्र घरी आलं आणि त्याच सुमारास तुमची ग्रेड (इंग्लंडमध्ये ती पत्त्यांच्या नावांनी देतात) अठ्ठीवरून सत्तीवर उतरली. संध्याकाळच्या पार्टनरने तर ‘तुमच्याबरोबर खेळून माझी ग्रेड पडते’ असं तोंडावर सांगून दुसरा भिडू शोधायला सुरुवात केली. आता तुम्ही विचारताय की प्रमाणपत्र खरं की ग्रेड, ग्रेड वर कशी न्यायची, पार्टनरचं म्हणणं बरोबर आहे का, ऑनलाइन खेळताना स्वतःला काय म्हणवून घ्यायचं, आणि हिवाळ्यात पुण्याला गेल्यावर यातलं काही चालतं का.

मी इंग्लंडमध्येच बरीच वर्षं क्लबात डायरेक्टिंग आणि स्कोअरिंग करतो, नवशिक्यांचे वर्गही घेतो. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते, आणि बहुतेक वेळा तिच्या मुळाशी एकच गोष्ट असते. प्रमाणपत्र आणि ग्रेड या दोन मापांनी आपण एकच वस्तू मोजतोय असं माणूस धरून चालतो. मग एक वर गेलं आणि दुसरं खाली आलं की दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. खोटं कुणीच बोलत नाही. पण तुमच्या बाबतीत नेमकं काय झालंय हे तुमचा पार्टनर कोणत्या ग्रेडचा आहे, समोरचं फील्ड, म्हणजे त्या सत्रात खेळणाऱ्या बाकी जोड्या, किती तगडं आहे आणि तुम्ही एकूण किती बोर्ड, म्हणजे पत्त्यांचे किती डाव, खेळलात यावर ठरतं. ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिथे मी आकडे गृहीत धरतो, तुम्ही स्वतःचे घाला.

आधी मास्टर पॉइंट. ही कल्पना अमेरिकेतली, १९३० च्या दशकातली. काँट्रॅक्ट ब्रिजचं वेड तेव्हा भरात होतं आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना लोक पुन्हा पुन्हा टेबलावर यायला हवे होते. जिंकलात की पॉइंट, पॉइंट साठले की किताब. १९३६ मध्ये पहिले लाइफ मास्टर जाहीर झाले, त्यात पहिला क्रमांक डेव्हिड ब्रूस यांचा. या पद्धतीचा कणा तेव्हापासून आजवर तोच राहिला आहे: पॉइंट मिळतात, कधीही काढून घेतले जात नाहीत. वाईट खेळलात तर शून्य मिळतं, उणे काही होत नाही. त्यामुळे तुमच्या बेरजेला एकच दिशा ठाऊक आहे.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर मास्टर पॉइंट म्हणजे कारकिर्दीतल्या एकूण धावा आणि ग्रेड म्हणजे अलीकडची सरासरी. वीस वर्षं दर आठवड्याला खेळणाऱ्या माणसाच्या धावा जास्त असणारच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण उद्याच्या सामन्यात तो किती करेल हे त्यावरून कळत नाही.

अर्थात नुसत्या हजेरीवर किताब वाटायचे नाहीत एवढी अक्कल संस्थांना होती. म्हणून पॉइंटना रंग आले. अमेरिकन काँट्रॅक्ट ब्रिज लीगमध्ये साध्या क्लबातल्या खेळाला काळे पॉइंट मिळतात, वरच्या पायऱ्यांवर रुपेरी, लाल, सोनेरी, आणि सर्वांत कठीण राष्ट्रीय स्पर्धांना प्लॅटिनम. २०१० पासून सभासद झालेल्यांना तिथे लाइफ मास्टर व्हायला ५०० पॉइंट लागतात, त्याआधीच्यांना ३०० पुरत. त्या ५०० मध्ये ५० सोनेरी किंवा प्लॅटिनम असावेच लागतात. म्हणजे गल्लीतल्या क्लबात आयुष्य काढलंत तरी सोनेरी पॉइंटांसाठी एकदा मोठ्या मैदानात उतरावंच लागतं. सर्वांत वरच्या ग्रँड लाइफ मास्टरसाठी तर १०,००० पॉइंट आणि शिवाय एखादं मोठं विजेतेपद, तेही पॉइंटांची वरची मर्यादा नसलेल्या स्पर्धेतलं. ही दुसरी अट का घातली ते उघड आहे. नुसते १०,००० पॉइंट चिकाटीने आणि खिशाने जमवता येतात.

इंग्लंडमध्येही तोच प्रकार आहे. क्लबातले लोकल पॉइंट वेगळे, काँग्रेस नावाच्या मोठ्या स्पर्धा-मेळाव्यांतले ग्रीन पॉइंट वेगळे, त्याहून वरच्या स्पर्धांचे गोल्ड वेगळे. काउंटी मास्टर, लाइफ मास्टर, ग्रँड मास्टर, प्रीमियर ग्रँड मास्टर अशा पायऱ्या आहेत आणि वर जाल तसा रंगांचा आग्रह वाढतो. तुमचं प्रमाणपत्र या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरचं आहे. ते तुम्ही कमावलंय, फ्रेम करून लावा. आमच्या क्लबात काहीजण त्याला हसतात. त्यांची स्वतःची प्रमाणपत्रं कुठल्या खणात जपून ठेवलीत हे मला माहीत आहे.

जागतिक पातळीवर मात्र संस्थेने यातून एक हुशार वाट काढली. वर्ल्ड ब्रिज फेडरेशन, स्थापना १९५८, दोन प्रकारचे पॉइंट देते. एक मास्टर पॉइंट, जे दरवर्षी झिजत जातात, त्यामुळे त्यांच्यावरून निघणारी क्रमवारी सध्या कोण जोरात आहे ते दाखवते. दुसरे प्लेसिंग पॉइंट, जे झिजत नाहीत आणि ज्यांवर किताब ठरतात. वर्ल्ड ग्रँड मास्टर व्हायला १० प्लेसिंग पॉइंट आणि किमान एक जगज्जेतेपद लागतं. म्हणजे ‘आज कोण’ आणि ‘आयुष्यभरात कोण’ हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले. तुमच्या घरात नेमके हेच दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत.

आता ग्रेड. इंग्लिश ब्रिज युनियनने २०१० च्या सुमारास दोन गोष्टी केल्या. क्लबात बसणारा प्रत्येकजण आपोआप सभासद होईल अशी व्यवस्था आणली, आणि त्यामुळे देशभरातल्या क्लबांचे निकाल एका जागी येऊ लागल्यावर नॅशनल ग्रेडिंग स्कीम सुरू केली. ग्रेड पत्त्यांच्या नावांनी आहेत, दुर्रीपासून एक्क्यापर्यंत. त्या पत्त्याच्या मागे एक टक्केवारी असते. अर्थ असा की तुम्ही देशातल्या सरासरी फील्डमध्ये, तुमच्याच तोडीच्या पार्टनरबरोबर बसलात तर किती टक्के पडतील याचा तो अंदाज. नवे निकाल येतात तसे जुने हळूहळू फिके पडत जातात. पहिले दीडशे बोर्ड होईपर्यंत ग्रेड दाखवतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

यात दोन दुरुस्त्या असतात आणि तुमचं सगळं कोडं त्या दोन दुरुस्त्यांमध्ये आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

पहिली दुरुस्ती फील्डची. जोड्यांच्या स्पर्धेत तुमचे टक्के निरपेक्ष नसतात. एक बोर्ड आठ टेबलांवर खेळला गेला तर तुमच्याच दिशेला बसलेल्या बाकी सात जोड्यांशी तुमची तुलना होते. हरवलेल्या प्रत्येक जोडीचे २, बरोबरीचा १, म्हणजे इंग्लंडमध्ये तिथे टॉप १४ चा. त्या सात जोड्या कोण आहेत यावर सगळं अवलंबून. समजा दुपारच्या क्लबाचं फील्ड ४४ ताकदीचं आहे, म्हणजे सरासरीपेक्षा ६ ने कमी. तिथले तुमचे ५७ हे सरासरी फील्डमधल्या ५१ एवढे. समजा संध्याकाळचं फील्ड ५५ चं आहे. तिथले ४५ म्हणजे सरासरी फील्डमधले ५०. दुपारी मिळणारं हसू आणि संध्याकाळी मिळणारी निराशा यांच्यात जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे. तुम्ही दोन्हीकडे जवळजवळ तसंच खेळताय, फक्त शेजारी बदलतात.

दुसरी दुरुस्ती पार्टनरची. धरू या की तुमची ग्रेड ५० ची आणि संध्याकाळच्या पार्टनरची ५६ ची. दोघांची सरासरी ५३. ५५ च्या फील्डमध्ये ५३ च्या जोडीकडून अपेक्षा ४८ टक्क्यांची. तुम्ही ४८ केलेत तर कुणाचीच ग्रेड हलत नाही. ५२ केलेत तर दोघांची वर जाते, तुमचीही आणि त्यांचीही. म्हणजे ‘कमकुवत पार्टनरबरोबर खेळलं की ग्रेड पडते’ हे वाक्य चूक आहे. पार्टनर कमकुवत आहे हे स्कीमला आधीच ठाऊक असतं आणि ती अपेक्षाच खाली आणून ठेवते. तुमच्या पार्टनरला हे उदाहरण कागदावर मांडून दाखवा.

पण तुम्ही ४५ करताय, ४८ नाही. म्हणून दोघांचीही घसरतेय. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. जोडी म्हणून तुम्ही अपेक्षेपेक्षा ३ टक्के कमी पडताय एवढंच सिद्ध होतं. कुणामुळे, ते नाही. स्कीम टेबलाशेजारी उभी नसते. लीड (डावातलं पहिलं पान) तुम्ही चुकीचा दिलात की त्यांनी दोन बदामांवर हट्टाने तीन चौकट बोलून डबल (दंड वाढवणारी बोली) खाल्ली, हे तिला कळत नाही. ती घट दोघांवर सारखीच टाकते.

मग खरा दोष कुणाचा हे कधी कळतच नाही का? कळतं, पण दोघंही इतर लोकांबरोबरही खेळत असतील तरच. समजा तुमची खरी पातळी आत्ताच्या ग्रेडपेक्षा खाली आहे. मग दुपारच्या क्लबातही तुम्ही अपेक्षेच्या खाली राहाल, तुमची ग्रेड उतरेल, आणि ती खऱ्या पातळीला पोचली की संध्याकाळच्या पार्टनरचं घसरणं आपोआप थांबेल. याच्या उलट, दुपारी तुम्ही अपेक्षेइतकं किंवा वर खेळताय आणि फक्त या जोडीतच आपटताय, तर कारण त्यांच्यात तरी आहे किंवा दोघांच्या जुळणीत तरी. जी दोन माणसं वर्षानुवर्षं फक्त एकमेकांबरोबरच खेळतात, त्यांच्या बाबतीत स्कीमला दोघांची बेरीज तेवढी कळते. त्या बेरजेतला कुणाचा वाटा किती हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. अशी कितीतरी नवरा-बायकोची जोडपी मी पाहिलीत जी एकमेकांकडे बोट दाखवून आपापली ग्रेड वाचून दाखवतात. वाचायला हरकत नाही, पुरावा म्हणून ती चालणार नाही.

जुळणीचा मुद्दा मी महत्त्वाचा मानतो. नव्या जोडीची कामगिरी दोघांच्या सरासरीच्या खालीच असते. एक नो ट्रम्पवरचा डबल पेनल्टीचा (दंडासाठी) की टेकआउटचा (पार्टनरला बोलायला लावणारा), पार्टनरच्या लीडवर मोठं पान म्हणजे ‘ये’ की ‘नको’, हे न ठरवता बसलेले दोन उत्तम खेळाडूसुद्धा दोन-चार बोर्ड हकनाक घालवतात. युनियनच्या संकेतस्थळावर व्यक्तीबरोबर जोडीचीही ग्रेड बघायला मिळते. तुमच्या दोन्ही जोड्यांच्या ग्रेड शेजारी ठेवून पाहा. माझा अंदाज विचाराल तर संध्याकाळची जोडी तिच्या दोन माणसांच्या सरासरीपेक्षा कमी दिसेल. अर्थात तो अंदाजच, कारण मी तुमचा खेळ पाहिलेला नाही.

आणि आता ज्याकडे कुणीच बघत नाही ती गोष्ट, म्हणजे एका संध्याकाळचा आकडा किती डोलतो. एका बोर्डावरचा तुमचा निकाल ० ते १०० टक्क्यांत कुठेही पडतो, त्याचा विखुरलेपणा साधारण ३० टक्क्यांचा धरता येतो. २४ बोर्डांची सरासरी काढली की तो २४ च्या वर्गमुळाने भागला जातो, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास उरतो. अर्थ असा की ज्याची खरी पातळी बरोबर ५० आहे असा माणूस तीनपैकी दोन वेळा ४४ ते ५६ च्या मध्ये कुठेतरी दिसेल आणि तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर. काहीही वेगळं न करता. समोरच्यांनी स्लॅम (तेरापैकी बारा किंवा सगळे हात घेण्याची बोली) बोलला, तो फिनेसवर, म्हणजे एखादं मोठं पान हव्या त्या बाजूला असण्यावर, अवलंबून होता, बाकी कुणीच बोलला नाही, आणि फिनेस लागला. तुमच्या जोडीला शून्य. तुम्ही फक्त पानं टाकत होतात.

दहा संध्याकाळी म्हणजे २४० बोर्ड. तिथे डोलणं २ टक्क्यांच्या आसपास येतं. हजार बोर्डांवर १ टक्क्याच्या जवळ. म्हणून तुमच्या जोडीची ३ टक्क्यांची तूट एका रात्रीची असेल तर ती कचरा आहे. दहा रात्रींची असेल तर दखल घ्यावी अशी, पण छातीठोक सांगण्याइतकी नाही. अठ्ठीवरून सत्तीवर येणं हे तर सीमारेषेवरचं प्रकरण. टक्केवारी पाव-अर्ध्या टक्क्याने हलते आणि पत्ता बदलतो. पत्ता बघू नका, त्यामागचा दशांश बघा, आणि तोही दर आठवड्याला नको. मी वर्गात तीन महिन्यांतून एकदा बघा म्हणून सांगतो. कुणी ऐकत नाही.

डायरेक्टरला ग्रेडचा उपयोग वेगळाच असतो. मिचेल मूव्हमेंटमध्ये उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर बसतात आणि पूर्व-पश्चिम फिरतात. आमच्याकडे गुडघे दुखणारे जुने सभासद उत्तर-दक्षिण धरून बसतात, आणि जुन्यांत तगडे खेळाडू बरेच असतात. मग दोन रांगांची ताकद विषम होते. ग्रेड हाताशी असली की मी दोन-तीन जोड्यांना गोड बोलून हलवतो, किंवा एकच विजेता काढायचा असेल तर काही फेऱ्यांना बोर्ड फिरवून दिशा उलट्या करतो. नवख्या माणसाला अनुभवी पार्टनर जोडून द्यायलाही ग्रेड कामी येते. या कामांसाठी मला ती मास्टर पॉइंटपेक्षा कितीतरी विश्वासाची वाटते. माणसाची किंमत ठरवायला नाही.

ग्रेडपायी माणसं कशी वागू लागतात याला इतिहासही आहे. इंटरनेटवरच्या ब्रिजच्या सुरुवातीच्या काळात, १९९० च्या दशकात, ओकेब्रिज नावाची सेवा लोकप्रिय होती. तिथे लेहमन रेटिंग नावाचा आकडा प्रत्येकाच्या नावाशेजारी दिसे, आणि ५० म्हणजे सरासरी. गणित म्हणून ती पद्धत वाईट नव्हती, पार्टनर आणि प्रतिस्पर्धी दोन्ही धरत होती. पण लोक कमी आकड्याच्या पार्टनरबरोबर बसेनात, एक बोर्ड फसला की टेबल सोडून जाऊ लागले. नंतर आलेल्या ब्रिज बेस ऑनलाइनच्या निर्मात्यांनी हे पाहून असं रेटिंग मुद्दामच ठेवलं नाही. तिथे खेळाडू आपली पातळी स्वतःच लिहितो. म्हणून मग तिथे एक्स्पर्टांची एवढी दाटी.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, त्या पातळ्यांचे अर्थ त्या साइटनेच दिलेले आहेत. इंटरमीडिएट म्हणजे तिथल्या बहुतेक सभासदांच्या तोडीचा, ॲडव्हान्स्ड म्हणजे क्लबात आणि छोट्या स्पर्धांत सातत्याने यश मिळवणारा, एक्स्पर्ट म्हणजे मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांत यश मिळवलेला, आणि वर्ल्ड क्लास म्हणजे जागतिक स्पर्धेत देशाकडून खेळलेला. तुम्ही इंटरमीडिएट लिहा. एक्स्पर्ट लिहून बसलात तर पहिल्याच चुकीला पार्टनर फुरंगटेल, आणि इंटरमीडिएट लिहून चांगलं खेळलात तर मित्रयादीत नाव जाईल.

आता ग्रेड वर कशी न्यायची. ग्रेडचा पाठलाग करून ती वाढत नाही, हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, म्हणून त्यापुढचं सांगतो. क्लबाच्या निकालपत्रकात प्रत्येक बोर्डाचे टक्के असतात. संध्याकाळच्या शेवटच्या दहा सत्रांतले ३० टक्क्यांखालचे तुमचे सगळे बोर्ड काढा. चार ढीग करा: काहीच करता येण्यासारखं नव्हतं, बोली चुकली, डिक्लेअरर (बोली जिंकून हात खेळणारा) म्हणून खेळ चुकला, बचाव चुकला. पहिला ढीग प्रामाणिकपणे करा, तो नेहमी हवा त्यापेक्षा मोठा होतो. माझ्या वर्गातल्या, तुमच्या पातळीच्या लोकांचे ढीग पाहिले तर बचावाचा सगळ्यात उंच निघतो, आणि त्याखाली पार्टस्कोअरच्या, म्हणजे गेमपर्यंत न पोचणाऱ्या छोट्या काँट्रॅक्टच्या, बोलीचा. स्लॅम चुकल्याची हळहळ सगळे करतात, पण रात्रीत स्लॅमचे बोर्ड असतात एखाद-दोन. दोन बदामांवर पास करायचं की दोन इस्पिक म्हणायचं, असले बोर्ड सात-आठ असतात.

तिथे जोड्यांच्या स्पर्धेचा हिशोब डोक्यात मुरलेला असावा लागतो. समोरचे दोन बदाम करणार, म्हणजे तुमचे ११० जाणार. त्यावर तुम्ही वाढून एक हात कमी पडलात आणि नॉनव्हल्नरेबल (म्हणजे त्या बोर्डावर तुमच्यासाठी दंड कमी) असलात तर ५० जातात, म्हणजे चांगलाच निकाल. पण व्हल्नरेबल असून डबल खाल्लीत तर २०० जातात, आणि उणे २०० हा आकडा पार्टस्कोअरच्या बोर्डावर सर्वांच्या खाली बसतो, कारण पार्टस्कोअर बहुधा ९० ते १४० मध्ये असतात. तसंच जास्तीच्या हाताचं. सगळेच तीन नो ट्रम्पमध्ये आहेत आणि तुम्ही दहावा हात काढून ४०० ऐवजी ४३० लिहिलेत, तर त्या तीस गुणांनी निम्मं फील्ड मागे पडू शकतं. रबर ब्रिज खेळून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना हे पचायला सर्वांत जड जातं. आयुष्यभर त्यांनी काँट्रॅक्ट सुरक्षित करून जास्तीचा हात सोडून दिलेला असतो.

क्लब निवडीचं म्हणाल तर संध्याकाळचा सोडू नका. फील्डची दुरुस्ती असल्यामुळे तगड्या क्लबात खेळून ग्रेडचं नुकसान होत नाही, आणि शिकायला तिथेच मिळतं. मास्टर पॉइंट मात्र दुपारी जास्त मिळतील, कारण ते वरच्या क्रमांकांनाच जातात आणि तिथे तुम्ही वर येता. म्हणून तर प्रमाणपत्र आलं. दोन्ही चालू ठेवा. ग्रेड लोकांना दिसल्याने त्रास होत असेल तर ती खासगी ठेवायची सोय आहे, मग ती तुम्हालाच दिसते. पार्टनरशी बोलताना आकड्यांवरून वाद घालू नका. ‘दोन महिने आपण आपली कन्व्हेन्शन कार्डं (बोलींचे ठरलेले अर्थ लिहिलेली) नीट भरून, प्रत्येक सत्राआधी पंधरा मिनिटं बोलून खेळू, मग बघू’ असं विचारा. नाही म्हणाले तर त्यांना जाऊ द्या. तशी माणसं पुढच्या पार्टनरलाही हेच ऐकवतात.

राहिलं पुणं. ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियाचे स्वतःचे मास्टर पॉइंट आहेत. इंग्लंडची ग्रेड तिथे कुणी विचारणार नाही, आणि तिथल्या पॉइंटांचा इथल्या ग्रेडशी संबंध नाही. भारताचा संघही पॉइंटांची बेरीज पाहून निवडत नाहीत, त्यासाठी निवड चाचण्या होतात. त्यात खेळून दाखवावं लागतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं तेव्हा पुरुष जोड्यांचं सुवर्ण कोलकात्याच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं, एकाचं वय ६० आणि दुसऱ्याचं ५६. त्याच स्पर्धेत पुरुष संघाला कांस्य मिळालं, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. २०२३ मध्ये हांगझोला पुरुष संघाने रौप्य मिळवलं, तेव्हाही शिवदासानी संघात होते. बर्धन-सरकार ही वर्षानुवर्षं मुरलेली जोडी होती, आणि जुळणीबद्दल मी वर जे लिहिलं त्याला याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

पुण्यात टेबलावर बसल्यावर तुम्हाला ग्रेडऐवजी ‘तुमचा एक नो ट्रम्प किती पॉइंटांचा?’ असं विचारतील. इथे पॉइंट म्हणजे हातातल्या मोठ्या पानांचे गुण, मास्टर पॉइंट नव्हेत. तुम्ही इंग्लंडमध्ये ॲकोल ही तिथली बोलीपद्धत शिकला असाल तर सवयीने १२ ते १४ म्हणाल. तिकडे बहुतेकजण १५ ते १७ खेळतात, आणि तुमच्या १३ पॉइंटांवर पार्टनर सरळ तीन नो ट्रम्पला उडी मारेल. जाण्याआधी पाच पानी मेजर (पाच पानं असली तरच बदाम किंवा इस्पिकने उघडणं) आणि स्ट्राँग नो ट्रम्पची उजळणी करा, ट्रान्सफर आणि स्टेमन या नो ट्रम्पवरच्या ठरलेल्या उत्तर-बोली त्याच्याशी कशा जुळतात ते पाहा, आणि ज्यांच्याबरोबर बसणार त्यांना आधी फोन करून त्यांचं कार्ड मागवून घ्या.